सुलतानापुढचा पेशकार

मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचा तबल्याचा क्लास भरायचा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत मुलं पुढे सरकायची. कायदे, रेले, तुकडे वहीत उतरवून घ्यायची. पेशकार मात्र सर लवकर द्यायचे नाहीत. दिला तरी महिनोन्महिने त्याच दोन ओळींवर ठेवायचे. आम्हाला घाई रेल्याची, कारण तो भरधाव रेला सुरू झाला की न्यायला आलेल्या आयासुद्धा दारातून आत डोकवायच्या. सर म्हणायचे, "रेल्यानं माणूस थबकतो रे. पेशकारानं तो बसून राहतो." ते वाक्य तेव्हा नुसतं कानावर पडलं. ते उमगायला मला बरीच वर्षं लागली, आणि उमगलं तेही तबल्याच्या मैफलीत नाही. मुंबईचा एक सिम्फनी ऑर्केस्ट्रा समुद्रापार जाऊन काय वाजवून आला, याचा विचार करताना ते उमगलं.

पेशकार म्हणजे स्वतंत्र तबलावादनाचा आरंभीचा भाग. शब्द फारसी. पेश करणं म्हणजे समोर ठेवणं. दरबारात अर्जी पेश व्हायची, कोर्टात आजही पेशी असते, आणि न्यायाधीशापुढे कागद मांडणाऱ्या कारकुनाला उत्तरेत पेशकारच म्हणतात. तबल्यातला पेशकारही असा मांडणीचा. लय ठाय, बहुधा सोळा मात्रांचा तीनताल, आणि 'धाऽक्ड धातीट धाधा तींना' अशा ओळखीच्या बोलांची एक ओळ. मग तीच ओळ जरा वाकवायची, एखादा बोल अर्ध्या मात्रेनं मागे ओढायचा, मध्येच एक जागा रिकामी सोडायची, भरीतून खालीत आणि खालीतून पुन्हा भरीत यायचं. कायद्याचे नियम कडक असतात; मुखात जे बोल आहेत त्यांच्याच आधारे विस्तार करायचा. पेशकाराला मोकळीक अधिक, म्हणून जोखीमही अधिक. डग्ग्याचा घुमारा, चाटेचा स्वच्छ नाद, लयीची समज, सगळं जवळ असताना ते उधळायचं नाही. समोरच्या माणसापुढे एकेक करून ठेवायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं.

उस्ताद झाकिर हुसेन यांनी तबला आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्तो लिहिला, तेव्हा त्याला हेच नाव दिलं, 'पेशकार'. तो लिहून घेतला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं. नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएमध्ये, २००६ साली खुश्रू सुंटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभा केलेला हा वाद्यवृंद. सप्टेंबर २०१५ मध्ये 'पेशकार' मुंबईत पहिल्यांदा वाजला. जानेवारी २०१६ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनला. ब्रिटनच्या त्या दौऱ्यात संचालक होते मार्टिन ब्रॅबिन्स, तबल्यावर स्वतः झाकिरभाई, आणि 'पेशकार'च्या सोबतीला होती निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची 'शेहेराझाद'. लंडन, बर्मिंगहॅम, कार्डिफ, एडिंबरा अशा शहरांतून हा संच फिरला.

या दोन रचना एका दौऱ्यात याव्यात, यात मला मोठा अर्थ दिसतो. एक रचना पेशकाराचं नाव घेऊन येते. दुसरीत हा शब्द कुठे नाही, पण पेशकार म्हणजे काय हे तिच्याइतकं उघड करून सांगणारी दुसरी रचना मला माहीत नाही.

शेहेराझाद आपल्याला परकी नाही. मराठी वाचक तिला शहरजादी म्हणून ओळखतो. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी ते काम पुढे नेलं. 'सुरस आणि चमत्कारिक' हा जोडशब्द त्या पुस्तकातून आपल्या रोजच्या बोलण्यात उतरला, इतकी ती कथा घरची झाली. शिवाय कथेत कथा गुंफून वेळ निभावून नेणं ही आपल्याकडची जुनी रीत. वेताळपंचविशीत विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ गोष्ट सांगतो, सिंहासनबत्तिशीत पुतळ्या सांगतात, शुकबहात्तरीतला पोपट तर रोज रात्री एक गोष्ट सांगून घरातल्या स्त्रीला उंबरठ्याआड थांबवतो. शहरजादी याच कुळातली. फरक एवढाच, की तिच्यापुढे बसलेला श्रोता तिचा न्यायाधीशही आहे. रोज एक लग्न करून पहाटे त्या वधूला मारणारा सुलतान. गोष्ट रंगली तर सकाळ दिसेल, नाही तर नाही. याहून कठीण पेशी कुणाची?

रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी ही रचना १८८८ मध्ये लिहिली. चार भाग, साधारण पाऊण तास. पहिल्याच क्षणी सुलतान येतो. ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि खर्जातली तंतुवाद्यं एकत्र, एकाच सुरावटीत, एखादा हुकूम काढावा तशी गरजतात. त्या आवाजात शंकेला जागा नाही. तो थांबतो. मग फुंकवाद्यांचे काही हलके, लांबवलेले स्वरमेळ येतात, दिवाणखान्यातला पडदा कुणी अलगद सरकवावा तसे. आणि मग, बाकी सगळे गप्प असताना, एकटं व्हायोलिन बोलू लागतं. सोबतीला फक्त हार्पचे तुरळक झंकार. सूर उंचावरून गिरक्या घेत खाली येतो, थबकतो, पुन्हा वर जातो. ही शहरजादी.

पहिला धडा इथेच आहे. सुलतानाच्या गर्जनेला तिनं गर्जनेनं उत्तर दिलेलं नाही. सत्तर-ऐंशी वाद्यं मंचावर बसलेली असताना संगीतकार तिच्या तोंडी फक्त एक व्हायोलिन देतो, आणि तेही वरच्या पट्टीतलं, नाजूक. ठाय लयीत पहिला 'धा' ठेवून तो विरेपर्यंत वाट पाहणाऱ्या तबलजीची आठवण व्हावी, असा हा आरंभ. घाबरलेला माणूस भराभर बोलतो. शहरजादी सावकाश बोलते.

दुसरा धडा त्याहून खोल आहे, आणि तो ऐकू यायला मला ही रचना अनेकदा ऐकावी लागली. व्हायोलिन थांबल्यावर समुद्र सुरू होतो. सिंदबादचं जहाज निघालेलं आहे. खाली चेलोंच्या लाटा, एका संथ हेलकाव्यात वर जातात नि खाली येतात. त्या लाटांवर जी सुरावट तरंगते ती कुठली? ती सुलतानाचीच आहे. मघाचा तो हुकूम, तेच स्वर, तोच उतार. फक्त आता धार गेली आहे, सूर मोठे झाले आहेत, खाली पाणी आलं आहे. शहरजादीनं आपली गोष्ट बाहेरून आणली नाही. तिनं सुलतानाच्याच तोंडचं वाक्य उचललं आणि त्याचा समुद्र करून त्याला परत दिला. ज्यानं हुकूम म्हणून ते उच्चारलं, त्याला आता तेच वाक्य क्षितिजाएवढं होऊन ऐकू येतं. आपल्याच सुरात एवढी जागा होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

समुद्र इतका खरा कसा, याचं उत्तर संगीतकाराच्या आयुष्यात आहे. रिम्स्की-कोर्साकोव्ह आधी नौदलातले. तरुणपणी, १८६२ ते १८६५ या काळात, 'अल्माझ' नावाच्या जहाजावरून त्यांनी लांबचा प्रवास केला होता. हेलकावा त्यांच्या अंगात मुरलेला होता.

दुसऱ्या भागात कलंदर राजपुत्राची गोष्ट. इथे बासून हे लाकडी, किंचित घोगरं फुंकवाद्य पुढे येतं. खाली चार डबल बेस आवाज दाबून एकच स्वराधार धरून बसतात. भारतीय कानाला हा प्रसंग क्षणात ओळखीचा होतो. खाली तंबोरा लागला आहे आणि वर कुणी तालाच्या बंधनाबाहेर, मनाच्या चालीनं आलाप करतो आहे. तीच धून मग ओबोकडे जाते, व्हायोलिनांकडे जाते. दरवेळी तिची चाल थोडी बदलते, जशी एकच गोष्ट आजी, काकू आणि मावशी आपापल्या ढंगानं सांगतात. मध्येच पितळी वाद्यांची ललकारी उसळते, तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडू लागतात, आणि त्या टपटपीवर क्लॅरिनेट एकटंच भरधाव सुटतं. विस्तार म्हणतात तो हाच. मुख एक, पलटे अनेक.

तिसऱ्या भागात तरुण राजपुत्र आणि राजकन्या. हा भाग मी सगळ्यात कमी बोलून सोडेन, कारण त्याचं सौंदर्य फार सरळ आहे. व्हायोलिनांची एक लांब, मायाळू धून, मध्ये साइड ड्रमच्या हलक्या ठेक्यावर आलेलं नाचरं वळण. मात्र याच भागात शहरजादीचं व्हायोलिन मध्येच डोकावतं. प्रेमाची गोष्ट सांगताना सांगणारीला स्वतःला आवरता आलेलं नाही, असं मला दरवेळी वाटतं.

चौथा भाग बगदादच्या उत्सवाचा. आरंभी सुलतान पुन्हा खवळतो, आणि या वेळी शहरजादीचं व्हायोलिनही दोन-दोन तारांवर एकदम बोलतं; आवाजात ताण आहे, पण ती मागे हटत नाही. मग जत्रा उसळते. इथे तबला शिकलेल्या माणसानं कान टवकारावेत. एकाच मात्रेचे कुणी दोन भाग करतो, कुणी तीन, आणि दोन्ही हिशेब एकमेकांवर चढत जातात. रणशिंगं एका स्वरावर इतक्या झपाट्यानं जीभ मारतात, की रेल्याचा भास व्हावा. मागच्या तिन्ही भागांतल्या धुना गर्दीतून ओळखीच्या चेहऱ्यांसारख्या दिसून जातात. हा खरा रेला. पण तो पाऊण तासाच्या शेवटी आला आहे. आधी मांडणी झाली, ओळख पटली, मग धाव. सर आम्हाला रेला उशिरा का द्यायचे, ते इथे कळतं.

जत्रेतून एकाएकी आपण पुन्हा समुद्रावर येतो. लाटा आता डोंगराएवढ्या. वाद्यवृंदाची सगळी ताकद एकवटते, टॅम-टॅमवर एक प्रचंड घाव पडतो आणि जहाज खडकावर फुटतं.

या रचनेचा प्राण त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत आहे. पाणी ओसरतं. व्हायोलिन येतं, पहिल्यासारखंच एकटं. आणि खाली, चेलो आणि डबल बेसमध्ये, सुलतानाची तीच सुरावट उमटते. पहिल्या क्षणी जी ट्रॉम्बोनांनी गर्जून सांगितली होती, ती आता इतक्या हळू, जणू माणूस झोपेत आपलंच नाव पुटपुटतो आहे. स्वर तेच, त्यातून राग निघून गेला आहे. वर व्हायोलिन एका अतिशय उंच, पारदर्शक स्वरावर जाऊन स्थिर होतं आणि त्याच्याखाली, आरंभीचे ते हलके स्वरमेळ येऊन मिटतात. पडदा पुन्हा ओढला जातो.

संगीतकारानं या चार भागांना आधी गोष्टींची शीर्षकं दिली आणि नंतरच्या आवृत्तीतून ती काढून घेतली. श्रोत्यानं गोष्टीचं बोट धरून चालू नये, सुरांवर चालावं, ही त्याची इच्छा. ती मान्य करूनही मला सुलतान आणि शहरजादी सोडवत नाहीत, कारण मुंबईच्या वाद्यवृंदानं हीच रचना ब्रिटनमध्ये नेली तेव्हा ती गोष्ट पुन्हा एकदा घडली.

जरा आपल्याकडे पाहू. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागात 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कालिदास किंवा प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. गणपतीतल्या मंडपातला वाद्यवृंद. मला या अर्थाचा अभिमान आहे, कारण व्हायोलिनांच्या ताफ्याची गोडी आम्हा उपनगरवासीयांना त्या गाण्यांनीच लावली. आणि ती गाणी सजवणारे, वाजवणारे अनेक जण गोव्याचे होते, चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेले. त्यांतले एक माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. संगीतकार प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा बांधला, रागांवर आधारलेल्या रचना लिहिल्या आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासारख्या गायकांना सोबत घेऊन त्या वाजवल्या. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या घाटात आपलं बोलणं बसवावं, ही तहान या शहरात तेव्हापासूनची. त्याआधी, १९३५ मध्ये, मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. मेहली पुढे परदेशी गेले, गोन्साल्विसही गेले. मेहलींचे पुत्र झुबिन मोठमोठे वाद्यवृंद घेऊन पाहुण्यासारखे जन्मगावी येत राहिले. वाट होती ती अशी, तिकडून इकडे येणारी.

म्हणून उलटी वाट मोलाची. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियात अनेक वादक परदेशी आहेत, हे खरं आहे. मग तो भारताचा कसा, असा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. मला वाटतं, वाद्यवृंद कुणाचा हे पासपोर्टवरून अर्धंच कळतं. तो काय वाजवायला निघाला आहे, यावरून उरलेलं. हा वाद्यवृंद आपल्या मंचाच्या मधोमध तबला ठेवून निघाला. आणि एनसीपीएतच त्यानं लहान मुलांसाठी संगीतशाळा चालवली आहे, म्हणजे उद्याच्या खुर्च्यांचा विचारही केला आहे.

मंचाच्या मधोमध तबला ठेवणं सोपं नाही. तबल्याचा आवाज जवळून ऐकायचा. त्याची सगळी श्रीमंती डग्ग्यावर घासत गेलेल्या मनगटात आणि चाटेवरच्या बोटाच्या टोकात असते. वाद्यवृंद कागदावर लिहिलेलं वाजवतो, तबलजी ऐन वेळी सुचलेलं. वाद्यवृंदाला संचालकाचा हात दिसतो, तबलजीला सम ऐकू येते. स्वतंत्र वादनात हार्मोनियमचा किंवा सारंगीचा नगमा आवर्तन धरून ठेवतो आणि त्या भरवशावर तबलजी कुठेही भटकून येतो. कॉन्चेर्तोत हा भरवसा अख्ख्या वाद्यवृंदानं द्यायचा. म्हणजे एवढ्या वादकांनी नुसतं मोजायचं नाही, ऐकायचंही. झाकिरभाईंसारखा कलावंत शेजारी असला की हे ऐकणं शिकवावं लागत नाही. तबलानवाज अल्लारखांचा हा मुलगा, माहीमला वाढलेला, साथीला बसला तरी आधी समोरच्याचं ऐकून घेत असे आणि मग हात ठेवत असे. त्यांच्या कॉन्चेर्तोला 'रेला' किंवा 'चक्रधार' असं टाळ्या खेचणारं नाव सहज शोभलं असतं. त्यांनी नाव निवडलं ते आरंभाचं.

दौऱ्यात वाद्यांनाही परीक्षा असते. मुंबईच्या दमट हवेत तबल्याची पुडी सैलावते, स्वर उतरतो; फेब्रुवारीतल्या युरोपात, तापवलेल्या कोरड्या सभागृहात तीच पुडी ताणते आणि स्वर चढतो. व्हायोलिनचं लाकूडही हवेचं ऐकतं. शिवाय प्रत्येक सभागृहाची उमटण वेगळी. लंडनचा कॅडोगन हॉल मुळात १९०७ चं प्रार्थनामंदिर, बर्मिंगहॅमचा सिम्फनी हॉल १९९१ चा, जिथे भिंतीआडच्या पोकळ्यांचे दरवाजे उघडून-मिटून घुमारा कमी-जास्त करता येतो. एडिंबराचा अशर हॉल १९१४ चा. रोज नवी जागा, रोज नवे श्रोते, आणि रोज पहिल्या 'धा'पासून सुरुवात. दौरा म्हणजे एकच पेशकार वेगवेगळ्या दरबारांत मांडणं.

आणि दरबार कुठला? ज्या देशानं या शहरावर राज्य केलं, त्याचा. सिम्फनी, कॉन्चेर्तो, कागदावरची स्वरलिपी, ओबोनं दिलेल्या स्वरावर सगळ्यांनी वाद्यं लावून घेण्याची पद्धत, हे सगळं युरोपचं वाक्य. आपल्याकडे ते आलं तेव्हा त्यात हुकमाचा सूर होता. मुंबईच्या वाद्यवृंदानं ते नाकारलं नाही आणि नुसतं गिरवलंही नाही. त्यानं तेच वाक्य उचललं, त्यात तीनतालाची भरी-खाली आणि डग्ग्याची मींड घातली आणि ज्याचं होतं त्याला ते परत नेऊन दिलं. चेलोंच्या लाटांवर सुलतानाचा हुकूम तरंगत जातो, अगदी तसं. 'शेहेराझाद' आणि 'पेशकार' एका दौऱ्यात वाजले यात मला दिसतो तो अर्थ हा.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकिरभाई गेले. बातमी कळली त्या रात्री मुलुंडच्या घरी मी 'शेहेराझाद'चा चौथा भाग लावला आणि शेवटाची वाट पाहत बसलो. जहाज फुटलं, पाणी ओसरलं. खिडकीबाहेर शेवटची कर्जत धडधडत गेली आणि मग चेलोंमध्ये ती सुरावट आली, हळू, विझत आलेली. इतकी वर्षं मी तिथे शहरजादीचं व्हायोलिन ऐकत आलो होतो. त्या रात्री खालचा स्वर नीट ऐकला. सुलतान काही बोलत नाही, हुकूम सोडत नाही. हजार रात्रींनंतर तो नुसता बसून राहिला आहे आणि ऐकतो आहे.